मला एसी म्हणवणारं घर

मी एक जुना कूलर आहे. अंग पत्र्याचं, पोटात पंखा, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या आणि तळाला पाण्याची टाकी. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळ जण मला ‘डबा’ म्हणतात. खुशाल म्हणा. मीही माणसांना पुष्कळ काही म्हणत असतो, पण माझ्या घरघरीत ते कुणाला ऐकू येत नाही.

मला अहमदपुरात चंद्रप्पा नावाच्या पत्रेवाल्यानं घडवलं. लक्ष्मणरावांनी मला घरी नेऊन खिडकीत बसवलं, पाठ बाहेर आणि तोंड घरात. बाहेरची तापलेली कोरडी हवा ओल्या गवतातून ओढायची, गार करून आत सोडायची आणि समोरच्या उघड्या दारानं तिला जाऊ द्यायची, एवढंच माझं शास्त्र. वीज लागायची एका पंख्याची आणि पाणी वर चढवणाऱ्या चिमुकल्या मोटारीची. लग्नसराईत पाहुणे माझ्यासमोरची जागा धरायला पंगतीतून घाईनं उठायचे. तेव्हा मला कुणी डबा म्हणत नव्हतं.

पुढं त्यांची मुलगी सुकन्या डॉक्टरकीच्या क्लाससाठी लातूरला आली. बापलेक, आजी केवळाबाई आणि मी, असे आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहू लागलो. शेजारी मृत्युंजयरावांच्या भिंतीला एसी. तो पाहिला आणि लक्ष्मणरावांना माझी लाज वाटू लागली. त्यांनी मला खिडकीतून काढून खोलीत आणलं, खिडक्या लावल्या, वर पडदे ओढले. मृत्युंजयरावांनी विचारलं, “सगळं बंद करून उकडत न्हाई का?”

“एसी हाय आपल्याकडं,” लक्ष्मणराव म्हणाले.

मी आतून ऐकलं. माणूस खोटं बोलतो हे मला ठाऊक होतं, पण खोटं टिकवण्यासाठी आपल्याच पोरीला कोंडून घेतो, हे तिथं कळलं.

मग व्हायचं तेच झालं. खोलीतली तीच ओली हवा मी पुन्हा पुन्हा फिरवत राहिलो. ओल्या फडक्यानं ओलं अंग पुसावं, तसा प्रकार. मिठाला पाणी सुटलं, पापड मऊ पडले, केवळाबाईंचे गुडघे धरले. सुकन्याला झोप लागेना. तिचं डोकं दुखे, वाचलेलं ध्यानात राहीना आणि परीक्षा तर तोंडावर आलेली. गंमत म्हणजे ती माझ्यासमोर बसून मोठ्यानं घोकत होती, ‘पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. हवा दमट असल्यास वाफ होणे मंदावते.’ एवढं घोकून एकदाही मान वर करून तिनं बंद खिडकीकडं पाहिलं नाही. धन्य ते शिक्षण.

खापर अर्थातच माझ्या माथी फुटलं. “डबा गेला कामातून,” लक्ष्मणराव म्हणाले. “पोरीचं वर्ष वाया जाईल. हा देऊ भंगारात अन् एसीच घेऊ.”

केरबा भंगारवाला आला. मोटार चालते का ते पाहायला त्यानं मला दाराबाहेर गॅलरीत ठेवलं, तोंड दाराकडं केलं आणि वायर आत लावली. टाकीत सकाळचं पाणी होतंच. उंबऱ्याच्या आत केवळाबाई डाळ निवडत बसल्या होत्या.

“लक्ष्मण,” त्या म्हणाल्या, “गार वारं यायलंय की रं.”

सुकन्या पुस्तक घेऊन दारात आली. तिनं वारा अंगावर घेतला, हातातल्या पुस्तकाकडं पाहिलं आणि आत जाऊन एकेक करत सगळ्या खिडक्या उघडल्या. तिचा चेहरा उतरला होता. “बाबा, कूलर बरोबर हाय. आपणच येडे हावोत,” ती म्हणाली.

“पण लोकं बघतील ना.”

“बघू दे,” केवळाबाई म्हणाल्या. “पोर आजारी पडल्यावर लोकं येणारेत व्हय उशाला बसायला?”

केरबा रिकाम्या हातानं गेला आणि मी पुन्हा खिडकीत बसलो. त्या दुपारी सुकन्या पुस्तक छातीवर ठेवून गाढ झोपली. केवळाबाईंनी आणखी एक केलं. मृत्युंजयरावांच्या एसीची नळी आमच्या जिन्यापाशी ठिबकत असे. तिच्याखाली त्यांनी बादली ठेवली. ते पाणी वाया जायचं, ते माझ्या टाकीत येऊ लागलं.

मेच्या शेवटी सगळ्या गल्लीचे एसी एकदम चालले आणि विजेचा दाब पार उतरला. एसी बंद पडले. मी कण्हत का होईना, फिरत होतो. मृत्युंजयरावांना खिडकीतली माझी पाठ रोज दिसत होती, तरी घामानं निथळत आमच्या दारात येऊन त्यांनी मिश्कीलपणे विचारलं.

“तुमचा एसी चालू हाय म्हणे?”

लक्ष्मणरावांनी खाली मान घालून माझ्याकडं बोट दाखवलं आणि त्यांच्यासाठी खुर्ची पुढं सरकवली. मृत्युंजयराव माझ्यासमोर डोळे मिटून बसले. त्यांच्याच एसीचं पाणी पिऊन मी त्यांना गार करत होतो. ज्यांच्या एसीपायी मी भंगारात निघालो होतो, त्यांच्यापासून जमलं असतं तर मी तोंड फिरवलं असतं.

मित्रांनो, माझं गवत दरसाल बदला, टाकी घासा, पाठ बाहेर ठेवा, एवढंच मागणं आहे. ऐकाल अशी फारशी आशा नाही. पण उद्या घरात उकडलं, तर नवं यंत्र आणायला निघण्याआधी उठून एक खिडकी उघडून बघा. तेवढं तरी शेजाऱ्याकडं न बघता करा.