चार टोकांचा रुमाल

दूध नासणार हे त्या घरात दुधाच्या आधी सासूबाईंच्या नाकाला कळायचं. त्या लांबून दिसल्या, की मासेवाली कालचा माल टोपलीमागे सारायची. देव कुणाला गळा देतो, यांना नाक दिलं होतं. पण मंडळी, काही महिन्यांपूर्वी आलेल्या तापात ते नाक गेलं. म्हणजे जागेवर होतं, वास तेवढा गेला. सासूबाईंनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. परवा त्यांनी दुसऱ्या बाजारातून 'ताजा' म्हणून घेतलेल्या माशाने अख्खं घर संडासापुढे रांगेत उभं केलं, तेव्हाही त्यांनी खापर सासऱ्यांनी आणलेल्या तेलावर फोडलं.

आणि नेमकी तेव्हाच सूनबाई प्रयोगशाळेतून नाचत आली. "आई, सोमवारी तुम्ही आमच्या परीक्षक!"

सूनबाईचं काम मोठं मजेचं. डोळ्यांना न दिसणारे बारीक कण, त्यांना भोकंच भोकं, भोकांत लाल रंग भरलेला आणि प्रत्येक भोकाच्या तोंडाशी एक इवलंसं दार. ते दार एरवी हलत नाही. सडक्या माशाची वाफ आली की मात्र उघडतं, आणि ओलसर कागदी पट्टीवर रंग बाहेर येतो.

"पट्टीचं आणि माणसाच्या नाकाचं उत्तर जुळलं, तरच आमचे सर पुढच्या कामाला हो म्हणतील," सूनबाई म्हणाली. "मी ठणकावून सांगितलंय, माझ्या सासूबाईंसारखं नाक शोधून सापडायचं नाही."

सासूबाईंनी मनातल्या मनात हात जोडले. 'देवा, वास नेलास तो नेलास, आता चारचौघांत नाक कापू नकोस.' पण नुसतं देवावर विसंबून चालणार नव्हतं. मग त्यांनीच सुनेच्या पर्समधून चार पट्ट्या लांबवल्या आणि ओल्या रुमालाच्या चार टोकांत एकेक दडवली.

सोमवारी टेबलावर चार झाकलेल्या बरण्या. सासूबाईंनी पहिलीचं झाकण काढलं, रुमालाचं टोक नाकाशी धरलं, डोळे मिटले आणि बरणीवर वाकल्या. वाकल्या त्या वाकल्याच.

"झोप लागली की काय?" सर कुजबुजले.

"श्श! त्यांचं असंच असतं," सूनबाई म्हणाली.

सासूबाईंनी हळूच टोक उलगडून पाहिलं. पांढरं. "ताजा!"

दुसऱ्या बरणीला टोक लाल. "शी! मांजरसुद्धा तोंड लावणार नाही."

तिसरा ताजा, चौथा सडका. चारही उत्तरं सरांच्या पट्ट्यांशी जुळली. सर उठून उभे राहिले. "वा! बाई, नाक आहे की काय!" आणि मग थबकले. "पण ते लाल का झालंय?"

सासूबाईंच्या नाकाचा शेंडा लालभडक! सूनबाईने रुमालाकडे पाहिलं, नाकाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. तरी ती चाचरत म्हणाली, "सर, ते... त्यांना उन्हाचा त्रास आहे."

सून आपल्यापायी खोटं बोलली. इतके महिने गच्च बसलेलं सासूबाईंचं दार तिथे उघडलं.

"कसलं ऊन? सगळं खोटं आहे. मला कशाचाच वास येत नाही. तुमची पट्टी तुमच्याच पट्टीशी जुळली. पोरीला यातलं काही ठाऊक नाही."

सर मटकन बसले. "म्हणजे आजची परीक्षा फुकट." मग त्यांनी डोकं खाजवलं. "थांबा. वास येत नसताना, रुमालात लपवून, चारही बरोबर?"

"आणि थरथर कापत," सासूबाई म्हणाल्या.

सरांना हसू आवरेना. "परीक्षेला दुसरं नाक शोधू. पण ही पट्टी आपण ज्यांच्यासाठी करतोय ते माणूस आजच भेटलं. पुढच्या सोमवारी परत या. परीक्षक म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून."

परतताना सूनबाई म्हणाली, "आई, मला तरी सांगायचंत."

"सांगितलं असतं, तर तू माझी एवढी तारीफ केली असतीस?"

तेवढ्यात मासेवालीने त्यांना पाहिलं आणि लगबगीने टोपलीमागे काहीतरी सारलं. सूनबाई पर्समध्ये पट्टी शोधू लागली. सासूबाईंनी तिचा हात दाबला.

"आत ठेव ती. हिला माझ्या नाकाचीच भीती राहू दे."

आणि लाल शेंडा वर करून त्या टोपलीवर वाकल्या.