एकाहत्तर कुठून आलं?

मशीन खोटं बोलत नाही, असं भाग्यश्री सोमवारी सगळ्यांसमोर म्हणाली होती. तेही अशा ठसक्यात, की जसं काही मशीन तिच्या माहेरचंच! तसं ते होतंही म्हणा. बोईसरच्या एमआयडीसीतल्या त्या रंगाच्या कारखान्यात रिअ‍ॅक्टर म्हणजे रसायन शिजवायचं भांडं किती तापलंय ते दाखवणारा आणि जास्त तापलं की घंटी वाजवणारा प्रोग्राम तिनेच बारा वर्षांपूर्वी लिहिला होता, चिंचणीच्या घरी बसून, पास्कल या कॉम्प्युटरच्या जुन्या भाषेत, ओळ न् ओळ स्वतःच्या हाताने. आता पास्कल कोण वापरतं, असं कुणी विचारलं की बाईंचं उत्तर ठरलेलं, "चाललंय ना? मग कशाला मोडायचं?"

तर शनिवारी दुपारी सहा नंबरचा रिअ‍ॅक्टर उतू गेला आणि घंटी वाजली नाही. खाली उभ्या असलेल्या हितेशचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. त्या वेळी वर पॅनेलवर सुका बसला होता. हितेश म्हणजे सुकाच्या बायकोचा, ठकीचा, धाकटा भाऊ. सुकानेच त्याला विक्रमगडकडच्या पाड्यावरून आणून इथे कामाला लावलं होतं. आणि प्रोग्रामच्या नोंदीत चक्क लिहिलेलं होतं, 'दोन वाजून दहा मिनिटं. घंटी बंद. पॅनेलवर: सुका.'

"मी हात पन नाय लावला, मॅडम," सुका म्हणाला होता.

"मग हे काय भुताने लिहिलं?" भाग्यश्रीने त्या ओळीवर बोट आपटलं आणि अहवालावर सही ठोकून मोकळी झाली. प्रोग्राममध्ये दोष नाही. झालं!

बुधवारी तीन वाजता चौकशी होती. तिच्यात सुकाची नोकरी जाणार हे नक्कीच होतं. शिवाय मुद्दाम घंटी बंद करून माणूस भाजवला म्हणून पोलिसांत तक्रार जाणार होती. असा शिक्का बसल्यावर तारापूरच्या पट्ट्यात त्याला झाडू मारायलाही कुणी उभं करणार नव्हतं.

त्याच दिवशी सकाळी भाग्यश्रीला फक्त एक चाचणी करून तिचा कागद अहवालाला जोडायचा होता. रीत म्हणून, दुसरं काही नाही. शनिवारचे साठवलेले आकडे, पॅनेलवर कोण होतं त्या नावासकट, तिने कारखान्यातल्या आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर पुन्हा सोडले, खुर्चीला रेलली आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसली. पडद्यावर सहा नंबर चढत गेला. एकशे दहा, एकशे वीस. मर्यादा ओलांडली. घंटी गप्पच. आणि खाली नोंद उमटली, 'घंटी बंद. पॅनेलवर: सुका.'

अगं बाई! सुका तर इथे नव्हताच, आणि तिचे हात कपाला होते. घंटी बंद करायच्या कळीला कुणी शिवलंसुद्धा नव्हतं. भाग्यश्रीला घाम फुटला.

पण माणसाचा स्वभाव बघा. घाम पुसायच्या आत तिने समोरच्या टेबलावरच्या केदारला धरलं. "तुझं ते जनरिक! मी तेव्हाच म्हटलं होतं."

केदार पालघरचा, तिच्या हाताखाली दोन वर्षं. दोन महिन्यांपूर्वी कारखान्यात नवा रिअ‍ॅक्टर आला तेव्हा त्याने जुन्या चार-पाच याद्या काढून एकच जनरिक यादी लिहिली होती. म्हणजे तिच्यात रिअ‍ॅक्टर ठेवा, पंप ठेवा, माणसांची नावं ठेवा, काहीही चालतं. भाग्यश्रीला ती पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होती.

"तुझी यादी शून्यापासून मोजते, माझा प्रोग्राम एकापासून. सहाच्या जागी सातचा हिशेब बघत असणार!"

"मॅडम, मी प्रत्येक ठिकाणी एक वजा केलाय. हे बघा."

तिने पाहिलं. केला होता. "मग मेमरीची भानगड असेल. तुझ्या यादीने वस्तू टाकून दिली असेल आणि आपण रिकाम्या जागेत हात घालतोय." केदारने तीही तपासणी लावली. टाकलेलं काही वापरात नव्हतं, धरलेलं काही सोडायचं राहिलं नव्हतं. यादी धुतल्या तांदळासारखी स्वच्छ. तरी बाई बारा वाजेपर्यंत त्या बिचाऱ्याच्या ओळी कुरतडत होत्या. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं म्हटलं की माणसाला तहानभूक लागत नाही.

शेवटी केदार खाली मान घालून म्हणाला, "घंटी बंद असल्याची खूण जिथे ठेवलीय, तिथे काय आहे ते बघूया का?"

ती खूण भाग्यश्रीने स्वतः ठेवली होती. शून्य असलं तर घंटी चालू, एक असलं तर बंद. तिसरा आकडा तिथे यायचं कारणच नव्हतं. तिथे एकाहत्तर होतं.

"एकाहत्तर?" ती म्हणाली. "एकाहत्तर कुठून आलं?"

बघता बघता त्याचं बहात्तर झालं. तिची नजर पडद्याच्या वरच्या भागाकडे गेली. तिथे चौदा नंबरच्या रिअ‍ॅक्टरचं तापमान होतं. बहात्तर.

तिच्या पायाखालची वाळूच सरकली. कारखान्यात आधी बारा रिअ‍ॅक्टर होते. नवा आला तो तेरावा. रंगारी तेरा लिहायला गेला तर कामगार आडवे आले आणि मालकही. माणूस गेल्यावर ज्या दिवसाचं जेवण घालतात तो आकडा उकळत्या भांड्यावर कशाला? मग नारळ फोडला आणि नव्यावर चौदा रंगवलं. भाग्यश्री त्या पूजेला हजर होती, पेढा खाऊन आली होती. आणि टेबलावर येऊन तिने काय केलं? तापमानं ठेवायच्या अ‍ॅरेत बाराचे तेरा केले. बारा आणि एक तेरा, बरोबरच की!

आता अ‍ॅरे म्हणजे काय, तर ओळीने खोल्या, चाळीत असतात तशा. खोल्या तेरा, आणि प्रोग्राम रिअ‍ॅक्टरवरच्या नंबराने दार उघडणार. चौदाव्याने जायचं कुठे? पास्कल खरं तर त्याला दारातच अडवतं, आरडाओरडा करतं. पण ती तपासणी बंद होती. दहा वर्षांपूर्वी सारखी 'चूक' अशी पाटी येऊन पडदा थांबायचा, मॅनेजरचे फोन यायचे, म्हणून भाग्यश्रीनेच ती बंद केली होती. तेव्हा चौदावा मुकाट शेजारच्या घरात शिरला. शेजारी होती घंटीची खूण, आणि तिथे शून्य नसलं की प्रोग्राम घंटी बंदच समजायचा. चौदा नंबर चालू असला की घंटी मुकी, आणि नाव लागायचं पॅनेलवर बसलेल्या माणसाचं. गेल्या दोन महिन्यांत चौदा चालू असताना दुसरा कुठला रिअ‍ॅक्टर मर्यादेपलीकडे गेला नव्हता. शनिवारी गेला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! केदारने ती तेराची ओळ उघडून तिच्यापुढे सरकवली, आणि भाग्यश्रीला तेच जास्त लागलं. "सकाळपासून तुला उगाच बोलले रे," एवढंच ती म्हणाली.

मॅनेजर प्रफुल्ल सावे कागद मागायला आला, तेव्हा तिने सगळं सांगितलं. त्याने आधी दार लावलं.

"मॅडम, तेराचे चौदा करा आणि विषय संपवा. सुकाने सकाळीच कबुली दिलीय. सहीसकट."

"कबुली? त्याने केलंच नाही तर कबूल कसं करेल?"

"ते त्यालाच विचारा. तुम्ही बारा वर्षं आमचं काम करताय, उद्या दुसऱ्या कारखान्यांना कळलं तर कोण दारात घेईल तुम्हाला? विचार करा."

तिने विचार केला, खोटं कशाला बोलायचं! चांगला अर्धा तास केला. केदार बोलणारा नव्हता, प्रफुल्ल तर नाहीच, आणि सुकाची सही झालेली. तिला स्वतःची लाज वाटली, पण लाज वाटली तरी विचार चालूच राहिला. शेवटी तीन वाजता ती कॉम्प्युटर उचलून चौकशीच्या खोलीत गेली.

"सुका, इथे माझ्या शेजारी बस. हात डोक्यावर ठेव."

"कशाला, मॅडम?"

"ठेव रे."

तिने चौदा नंबर बंद ठेवून आकडे सोडले. घंटी खणाणली. मग चौदा चालू करून तेच आकडे पुन्हा सोडले. घंटी गप्प, आणि डोक्यावर हात ठेवून बसलेल्या सुकाचं नाव पडद्यावर उमटलं. "चूक माझी आहे," भाग्यश्री म्हणाली. "सोमवारचा अहवाल चुकीचा. मी मागे घेते." मालकाने तिच्याकडे पाहिलंही नाही. या बाईंकडचं प्रोग्रामचं काम दुसऱ्याला द्या, असं प्रफुल्लला सांगून तो उठला. सुकाची कबुली मात्र फाडली गेली.

बाहेर जिन्यात तिने सुकाला गाठलं. "अरे, सही का केलीस? कुणी दम दिला?"

"दम नाय दिला." सुका भिंतीकडे बघत राहिला. "कागदावर नाव होता ना माझा. तुमी बोललाव, मशीन खोटा नाय बोलत. दोन दिस इचार केला, मना वाटला, लागला आसंल माझाच हात, माझ्या ध्यानात नाय. काल हितेशच्या पाया पडलो. ठकीला सांगितला, माझ्याच हातून झाला. तवापासून ती माझ्यासंगं बोलत नाय." मग तो वळला. "आता मी 'नाय केला' बोललो तर कोन ऐकनार? तुमी घरी चला, ठकीला सांगा."

उमरोळीला स्टेशनच्या मागे त्यांची भाड्याची खोली होती. हितेश भिंतीला टेकून बसला होता, दोन्ही हातांना पांढऱ्या पट्ट्या, आणि ठकी त्याला भात भरवत होती. सुका उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. भाग्यश्री आत जाऊन खोल्या, आकडे, तपासणी असं काहीतरी सांगायला लागली.

ठकीने तिला मध्येच तोडलं. "ता आमाला कलत नाय. माझ्या भावाचं हात कोनाच्यान भाजलं, ता सांगा."

"माझ्यामुळे."

"यानं घंटी नाय बंद केली?"

"नाही. त्याने हातही लावला नव्हता."

ठकीने घास ताटात ठेवला. "मंग सोमवारी का नाय बोललाव?"

"सोमवारी मी बघितलंच नव्हतं," भाग्यश्री म्हणाली. "न बघताच सही केली."

ठकीने ठेवलेला घास पुन्हा उचलून भावाला भरवला. मग हितेशने पाय आखडून चटईवर जागा केली. "दाजी, भायेर का उभं? या, बसा."

सुका आत येऊन त्याच्या शेजारी बसला. भाग्यश्रीला कुणी बस म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.