चुलीजवळची बोली

आमच्या कोताबे गावात दोन प्रकारे बोलतात. अंगणात एक, चुलीजवळ दुसरी. दोन्हींना सेवूरीच म्हणतात, पण अंगणातली पाहुण्यासाठी. तिच्यात कुणाला टोचेल असं काही नसतं. भांडण, बाळंतपण, मयत, कोण खरा कुणाचा मुलगा, हे सगळं चुलीजवळच्या बोलीत. ती बायकांची. मुलगा दुधाचे दात पडेपर्यंत तिथं बसतो, मग त्याला बाहेर काढतात आणि तो पुन्हा त्या बोलीत तोंड उघडत नाही. मीही म्हातारा होईतो उघडलं नाही.

माझी थोरली बहीण अक्पेने ही ती बोली पुरी बोलणारी शेवटची. तिची जाऊ वारली तेव्हापासून तिला त्या बोलीत जोडीदारीण उरली नव्हती. लेकी राजधानीत, अक्राला, तिथं घरात इंग्रजी. ताईचा सगळा जीव नातीवर, एसिनामवर. पोरगी विद्यापीठात भाषाच शिकत होती. एकदा तिनं फोनवर सांगितलं, "आजी, मी यंदा शिबिराला येतेय. तुझ्याकडचं सगळं मला दे."

ताईनं ते खरं धरलं. तांबडी माती आणून चूल लिंपली. आपल्या बुटक्या पाटाशेजारी दुसरा पाट मांडून ठेवला.

शिबिराचं आम्हाला नवल नव्हतं. डॉक्टर आग्बेको दर वर्षी मुलं घेऊन येत, काही आपल्याकडची, काही युरोपातली. मरायला टेकलेली बोली कशी टिपून घ्यायची ते त्यांना शिकवत. शिकाऊ न्हाव्याला हात बसवायला कुणाचं तरी डोकं लागतं, ते आमचं. दर वर्षी नवी मुलं, आणि दर वर्षी पहिल्यापासून: हात, पाय, पाणी, विस्तव. मी तर त्यांची गाडी दिसली की आधीच हात वर करून त्याचं नाव सांगायचो.

वेशीवर पाहुण्याला पाणी द्यायची आमची रीत. जो ते पितो तो पाहुणा, गाव सोडून जाऊन परत येईपर्यंत पाहुणाच. घरचं माणूस वेशीवर पाणी घेत नाही. ते सरळ आत जातं, चुलीवरचं झाकण उचलून बघतं आणि आज एवढंच का म्हणून कुरकुरतं.

त्या वर्षी पाणी द्यायचा मान ताईचा होता. मुलं एकसारखे निळे सदरे घालून रांगेत उभी होती. एसिनामची पाळी आली तेव्हा ताईनं पाण्याचा तुंबा खाली घेतला आणि थांबली. पोरगी हसत होती. कुणीतरी फोटो काढत होतं. तिनं आजीच्या हातातून तुंबा घेतला आणि प्यायली.

ताईनं तुंबा परत घेतला, पुसला आणि पुढच्या मुलाला दिला.

दुपारी आंब्याखाली वाटणी झाली, कोणत्या मुलानं कुणाकडे बसायचं त्याची. ताईच्या वाट्याला हेन्रिक नावाचा जर्मन मुलगा आला. एसिनामला ताडी काढणारा म्हातारा अगोर मिळाला.

"डॉक्टरसाहेब, माझी नात माझ्याकडे का नाही?" ताईनं विचारलं.

"नियम आहे, आई. स्वतःच्या नातलगाकडे कुणाला बसवत नाही. नात विचारत नाही, नुसती मान डोलावते."

"मग जावई पाठवा. तो तर मानही डोलावत नाही."

सगळे हसले. डॉक्टरही हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी नियम बदलला नाही, एवढंच.

हेन्रिक रोज सकाळी येई. यंत्र मांडी, अंगणात बसे, पानांच्या छत्रीखाली घाम पुसत राही. ताईला तो आवडायला लागला. तिनं त्याला भुईमुगाच्या शेंगा खाऊ घातल्या, पावसाची गोष्ट सांगितली, कासवाची सांगितली, भात कांडायचं गाणं म्हटलं. सगळं अंगणातल्या बोलीत.

मी म्हटलं, "ताई, तो समजतोय की त्याला सगळं मिळालं. दुसरी बोली आहे हे तरी सांग."

"पाहुण्याला सांगू, की आत आणखी एक भांडं आहे आणि त्यातलं तुला मिळणार नाही? आपल्या आईनं हे शिकवलं का तुला?"



एका संध्याकाळी एसिनाम एकटी आली. सदरा बदलून, आजीचंच जुनं लुगडं गुंडाळून. ताई चुलीशी होती. पोरगी दारात उभी राहिली आणि चुलीजवळच्या बोलीतले तिला येत होते ते तीन-चार शब्द बोलली, लहानपणी सुट्टीत ऐकलेले. ताईनं अंगणातल्या बोलीत उत्तर दिलं, "या. बसा बाहेर. चालून दमला असाल."

"आजी, अगं मी आहे."

"दिसतंय मला. आंधळी झाले नाही अजून."

"मग आत का घेत नाहीस?"

"पाणी प्यायलीस."

"ते सगळ्यांबरोबर प्यायले. एकटीनंच नाही म्हटलं असतं तर कसं दिसलं असतं?"

"नात दिसली असतीस."

पोरगी माझ्याकडे वळली. "आजोबा, तुम्ही तरी सांगा हिला. एका घोटावरून?"

मी सांगितलं. ताई म्हणाली, "तू मध्ये पडू नकोस. रीत मी मोडली, तर मी हिला देऊ काय? रीत मोडलेली बाई?" मग जरा मऊ झाली. "जा आता. नव्या भाताला ये. वेशीवर थांबू नकोस, सरळ आत ये. पाट तिथंच आहे."

एसिनामनं डोळे पुसले आणि येईन म्हणाली. खरंच येणार होती, मला वाटतं.

शेवटच्या दिवशी मुलांनी कामं दाखवली. हेन्रिकनं ताईचा आवाज मोठ्या पेटीतून ऐकवला आणि म्हणाला, ही सेवूरी आता हरवणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईनंही वाजवल्या, पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून. पण सगळ्यात चांगलं काम एसिनामचं ठरलं. ताडाच्या झाडांबद्दल अगोर जन्मात बोलला नव्हता एवढं तिनं त्याच्याकडून काढून घेतलं होतं. तिला परदेशात पुढं शिकायला जागा मिळाली. नवं भात यायच्या आत निघायचं होतं.

"तिथं काय करणार?" मी विचारलं.

"अशीच एक बोली टिपायची, आजोबा. काँगोकडं, नदीकाठच्या लोकांची. तिथंही थोड्याच बायका उरल्यात."

"आणि त्यांच्या नाती?"



नवं भात झालं. त्याच्या पुढचंही झालं. दुसरा पाट ताईनं हलवला नाही, त्यावर कोंबडी बसायला लागली तरी. मग एके दिवशी एसिनामचा फोन आला. म्हणाली, "आजी, मला इतक्यात येता येत नाही. तू आत चुलीजवळ बस आणि बोल. मी टिपून घेते. तुला काय हवं ते बोल."

मला वाटलं, ताई पाण्याची गोष्ट काढणार. नाही काढली. मलाच म्हणाली, "चल, धर हे यंत्र." आत गेली, कोंबडीला हुसकलं आणि फोन त्या पाटावर ठेवायला लावला. पदर सावरून बसली. मी दाराबाहेर सरकलो.

ती बोलायला लागली. नातीला घरात घेताना जे म्हणतात, तिथून. दोन वाक्यं झाली आणि तिसरं अंगणातल्या बोलीत आलं. ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथंच आलं. तिसऱ्या वेळी दुसरंही आलं नाही.

"आजी? ऐकू येतंय मला. बोल ना."

ताईनं दाराकडं पाहिलं. "पुढं काय रे?" तिनं मला विचारलं. "आई काय म्हणायची?"

मला आठवत होतं. आत बसून लहानपणी रोज ऐकलेलं. मी म्हटलं. हळूच म्हटलं, पण म्हटलं. म्हाताऱ्या पुरुषाच्या तोंडी ते कसं वाटलं ते मलाच ऐकवेना.

ताईनं हात पुढं करून फोन उचलला आणि अंगणातल्या बोलीत म्हणाली, "बाळा, इकडं सगळं ठीक आहे. पाऊस बरा झाला. तिकडं जेवायला नीट मिळतं का?"



मग दोघी बराच वेळ जेवणाबद्दल बोलत राहिल्या.