सगळ्यांची एकच माती

पात्याचं टोक हेझलने खेळातल्या शिपायांच्या पायांतल्या बर्फाखाली सारलं आणि अंगठ्याने रेटलं. पोपडा सुटून वर्तमानपत्रावर पडला. बर्फ म्हणजे खायचा सोडा आणि गोंद. विल्फने तो कधीकाळी लावला होता, आणि आता त्याला जुन्या दातांचा रंग आला होता.

"जपून गं," समोर बसलेला तिचा नवरा नॉर्म म्हणाला. "विल्फला गुदगुल्या होतात."

"होऊ देत. मेल्यावर तरी हसेल. जन्मभर माझ्या स्वयंपाकघरात एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसायचा."

"ते तुझ्या कॉफीमुळे."

"मग तीन-तीन कप कशाला ढोसायचा?"

नॉर्म हसला आणि त्याने खोक्यातून पुढची तुकडी काढली. करंगळीएवढे चार शिशाचे शिपाई, लाल डगले, छातीवर पांढरे पट्टे, चौघे मिळून एका पत्र्याच्या बैठकीवर चिकटवलेले. त्यांच्याकडे न बघताच त्याने बैठकीवरून अंगठा फिरवला.

"फर्गस," तो म्हणाला आणि तुकडी तिच्याकडे सरकवली.

बघण्यात तसा अर्थही नव्हता. गेल्या हिवाळ्यापासून त्याच्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली होती. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं. कडेकडेचं तेवढं धूसर उरायचं. हेझलचा चेहरा बघायचा तर त्याला तिच्या मागच्या फ्रीजकडे बघावं लागे. सुरुवातीला तिला ते फार लागलं होतं. मग तिने फ्रीजवरचं जुनं कॅलेंडर काढून टाकलं, आणि का काढलं ते कुणाला सांगितलं नाही.

विल्फ, फर्गस, क्लाइव्ह आणि नॉर्म, चौघेही ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या एकाच खाणीत उतरलेले. शनिवारी मात्र चौघे चर्चमागच्या हॉलमध्ये टेबलावर शिशाचे शिपाई मांडून नेपोलियनशी लढत. शिपाई चौघांकडे एकाच इंग्रज राजाचे, पण जमीन ज्याची त्याची. विल्फ बर्फातून माघार घेई. फर्गसची स्पेनची रखरखीत जमीन त्याच्या पोपटाच्या पिंजऱ्यातल्या वाळूची होती. क्लाइव्हने भुसा हिरवा रंगवून कुरणं केली होती. आणि नॉर्मने नुसता हिरवा रंग फासलेला, गुळगुळीत. आळशाची जमीन, असं बाकीचे म्हणत. कुणी गेला की त्याची फौज उरलेल्यांनी सांभाळायची, असा त्यांच्यात रिवाज होता. आता चारही फौजा नॉर्मच्या घरी होत्या.

मिल्ड्युराच्या क्लबातल्या वार्षिक सामन्यांना हे सगळं न्यायचं त्याने ठरवलं, तेव्हा तिथे सामने भरवणाऱ्या क्रेगचा फोन आला होता. फोन स्पीकरवर होता, म्हणून हेझलनेही ऐकलं.

"नॉर्म, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमची फौज म्हणजे फ्रूट सॅलड आहे हो. इकडे बर्फ, तिकडे वाळवंट. एका फौजेला एकच जमीन, असा नियम आहे आमचा."

"नियम कुणी केला?"

"मीच केला. पण लोकांना आवडतो."

नॉर्मने फोन ठेवला. मग म्हणाला, "खरवडून टाकू सगळं. एकदा चौघांना एका टेबलावर लढवतो, हेझ. विल्फ डावीकडे, ती बाजू त्याने कधी कुणाला दिली नाही. फर्गस मध्ये. क्लाइव्ह मागे राखीव, कारण तो उशिराच यायचा. पुढच्या वर्षी मला टेबलसुद्धा दिसायचं नाही."

म्हणून हेझलने कपडे वाळत घालायच्या तारेखालची लाल माती आणली, पिठाच्या चाळणीने चाळली आणि ओव्हनमध्ये भाजली. घरात विटांच्या भट्टीसारखा वास सुटला.

"नेपोलियनची लढाई ब्रोकन हिलच्या मातीत?" नॉर्म म्हणाला.

"मग? इंग्रजांना कुठली जमीन परकी वाटली आहे आजवर?"

तेव्हा तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला होता. इतकं हसताना तिने त्याला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्या हसण्याच्या जोरावर तिने पुढचे कितीतरी दिवस काम ओढलं. तो खोक्यातून काढून नाव सांगायचा, ती शिपाई सोडवायची, पत्रा टाकून द्यायची. नव्या लाकडी बैठकीवर गोंद, गोंदावर माती, मातीवर वाळक्या गवताचे दोन झुबके. मग तुकडी खोक्याच्या झाकणात, बाकीच्यांच्या शेजारी. तिला रंगांतलं काही कळत नसे. पण लाल मातीवर लाल डगल्यांच्या रांगा उभ्या राहत गेल्या तशी तिलाही ती एक फौज दिसायला लागली. शेवटी खरवड पडलेलं वर्तमानपत्र तिने गुंडाळलं. बर्फ, वाळू, भुसा आणि हिरव्या रंगाची सालं, सगळं एका पुडक्यात. ते तिने कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि हात धुतले.

मिल्ड्युराला गाडी तिनेच चालवली. वाटेत नॉर्म लढाई कशी मांडायची ते सांगत होता, विल्फने कुठल्या लढाईत कसा घोळ घातला तेही, आणि मध्येच, "काय रे, खरं की नाही?" असं मागच्या सीटवरच्या खोक्यांना विचारत होता.

हॉलमध्ये झाकणं उघडली तशी माणसं गोळा झाली. क्रेग चाळिशीचा, पोट सुटलेला, फोनवर वाटला होता त्यापेक्षा मऊ निघाला.

"बाप रे! ही तीच फौज? एकाच माणसाने एका दमात केल्यासारखी वाटते. तीन फुटांवरून कोण कुणाचं, ओळखून दाखवा म्हणावं."

"हिचं काम आहे," नॉर्म म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे.

त्याने बाह्या वर सारल्या, टेबलाची कड चाचपली आणि पहिली तुकडी उचलली. अंगठा बैठकीवरून फिरला. थांबला. पुन्हा फिरला, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. त्याने ती ठेवून दुसरी घेतली. मग तिसरी. मग पुन्हा पहिली.

हेझलला आधी वाटलं, गोंद कुठे सुटला असावा. मग तिचं लक्ष त्या अंगठ्याकडे गेलं. घरी जुन्या बैठकींवरून हाच अंगठा फिरायचा, आणि मग नाव यायचं.

"काय हो?" क्रेगने विचारलं.

"काही नाही. कोण कोणाचा ते बघत होतो."

"बैठकीखाली नावं लिहिली असतील ना? आम्ही सगळे लिहितो."

"नावं कशाला लिहायची," नॉर्म म्हणाला. "घरचीच माणसं."

क्रेगला कुणीतरी हाक मारली आणि तो गेला. टेबलापलीकडचा खेळाडू आपले फ्रेंच मांडत होता. नॉर्मने मान वळवली आणि हेझलच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे पाहिलं, म्हणजे तिच्याकडे.

"हेझ, ही विल्फची का गं?"

तिने वाकून पाहिलं. लाल डगले. पांढरे पट्टे. चार चेहरे, डाळीएवढे, चारही सारखे.

"हो," ती म्हणाली. "विल्फचीच."

त्याने ती डावीकडे, टेबलाच्या अगदी कडेला ठेवली. दुसरी उचलली.

"आणि ही?"

"फर्गस."

"नक्की?"

"मीच नाही का चिकटवली? फर्गसच."

त्याने ती मध्ये ठेवली. बोट थोडा वेळ तिच्यावर तसंच राहिलं. मग त्याने तिसरी उचलली. हेझलने क्लाइव्हचं नाव तोंडात तयार ठेवलं होतं. नॉर्मने काही विचारलं नाही. हात पोचला तिथे ती ठेवली आणि पुढची घेतली.