इंजिनातला आवाज

“आई, आधी तू बस,” आशिष म्हणाला आणि त्यानं त्या मोठ्या गाडीचं दार उघडून धरलं.

मी म्हटलं, “अरे, गाडी तू घेतोयस. मला काय ओवाळायचंय आत बसवून?”

“तुला चढता येतंय का बघू दे ना.”

पूनमल्लीच्या हमरस्त्याला लागून पत्र्याची शेड, तिथं वेंकटचा जुन्या गाड्यांचा धंदा. वेंकट माणूस बोलका. त्याला मराठी येत नाही, मला तमिळ येत नाही, पण मोडक्या हिंदीत आमचं बरं जमायचं. तो लगेच म्हणाला, “अम्मा, चढा. लग्नाच्या मंडपात बसल्यासारखं वाटेल.” मी उजव्या हातानं दांडी धरली आणि चढले. डावा हात कामाचा नाही. गेल्या साली अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून तो नुसता बरोबर असतो.

आत बसले आणि खोटं कशाला बोलू, मला ती गाडी आवडली. खिडकी मोठी, सीट मऊ, पाय लांब करायला जागा. ह्यांनी बार्शी डेपोत तीस वर्षं एसटी चालवली, पण मी आपली कायम पत्र्याच्या बाकड्यावर, मांडीवर पिशवी घेऊन. ड्रायव्हरची बायको म्हणून कधी कुणी खिडकी दिली नाही.

गाडीचा विषय निघाला तो रंजनीमुळं. रंजनी माझी सून. मूळची तंजावरची मराठी, टी. नगरच्या बँकेत नोकरी. तिला दुसऱ्यांदा दिवस गेले. थोरली लेक श्रीरंजनी पाच वर्षांची. तोवर आशिषच्या स्कूटरवर सगळा संसार चालला होता. पुढं पोरगी उभी, मागं बायको. पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी स्कूटर बंद केली. रंजनी ऑटोनं बँकेत जाऊ लागली, आणि आशिषनं जुन्या गाड्या बघायला सुरुवात केली.

पण खरी गोम निराळीच होती. बाळ आल्यावर बघायचं कुणी? रंजनीला सुट्टी संपली की कामावर जावंच लागणार. श्रीरंजनीला मी वाढवलं, अगदी न्हाऊमाखू घालण्यापासून. या खेपेला माझा हात असा. एके दिवशी दुधाचं भांडं माझ्या हातातून निसटलं आणि स्वयंपाकघरभर दूध झालं. श्रीरंजनी तिथंच खेळत होती. नशीब, दूध तापलेलं नव्हतं. रंजनी बोलली काही नाही. बोलली असती तर मी भांडले तरी असते. तिनं गुपचूप फरशी पुसली आणि संध्याकाळी तंजावरला आईला फोन लावला.

महिन्याभरात विहीणबाई आणि व्याही दोघंही आले. विजयलक्ष्मीबाई शाळेत शिकवायच्या, आता घरीच असतात. गुरुराजराव रेल्वेतून निवृत्त झालेले, डोळ्यांना कमी दिसतं, काठी घेऊन चालतात. त्यांना एकटं सोडून बाई कशा येणार? दोन खोल्यांच्या घरात आम्ही सहा जण झालो, आणि सातवं वाटेवर. कुणी कुणाला कमी-जास्त बोललं नाही हो. विहीणबाई तर देवमाणूस. सकाळी माझ्या आधी उठून माझ्यासाठी पाणी तापवून ठेवायच्या. तेच मला सोसायचं नाही. ज्या घरात मी पाणी तापवायची, तिथं माझ्यासाठी तापायला लागलं.

मी आशिषला म्हटलं, “मी सोलापूरला जाते गजेंद्रकडं. तुमची इथं दाटी होते.” गजेंद्र माझा थोरला. फोनवर म्हणतो, “ये की, आई,” आणि पुढच्या वाक्याला त्याच्या बायकोची तब्येत निघते.

आशिष भडकला. “कुठं जायचं नाहीस तू! सगळे मावतील अशीच गाडी घेईन. घर लहान असलं म्हणून काय झालं?”

असा त्या गाडीत माझा जीव अडकला होता. पोरगं वेडं. त्याला वाटायचं, गाडीत सीट मिळाली की आई घरात राहिली.

वेंकटकडं त्याला परवडण्यासारखी म्हणजे एक छोटी चंदेरी गाडी होती. पुढं दोघं, मागं तिघं, तेही अंग चोरून. एका मास्तरणीनं वापरलेली, कुठं ओरखडा नाही. आशिषनं तिच्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. त्याचं सगळं लक्ष या सात सीटच्या मोठ्या गाडीवर. नाकापेक्षा मोती जड, पण सांगणार कोण?

रविवारी आम्ही सगळे मोठी गाडी चालवून बघायला गेलो. आशिष चालवायला, शेजारी वेंकट. मधल्या ओळीत मी, रंजनी आणि आमच्यामध्ये श्रीरंजनी. मागं विहीणबाई नि व्याही. सात माणसं बसली आणि कुणाच्या मांडीवर कुणी नाही. श्रीरंजनी टाळ्या पिटून म्हणाली, “आज्जी, फुल बस!” गुरुराजराव मागून म्हणाले, “अस्की बसले की!” अस्की म्हणजे सगळे, तंजावरकडचं बोलणं. त्या माणसाला मी पहिल्यांदा एवढं हसताना बघितलं.

मलाही हसू आलं. आपल्याला जागा झाली, या एवढ्याशा गोष्टीनं माझा ऊर भरून आला. मी मनात म्हटलं, कुमुदिनी, राहतेस गं बाई तू इथं.

श्रीपेरुंबुदूरच्या वाटेवर एका चहाच्या टपरीपाशी आम्ही थांबलो. वेंकट चहा सांगायला उतरला. तेवढ्यात आशिषला कारखान्यातून फोन आला. इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे ब्रेक बनवायचा कारखाना आहे, तिथं तो माल तपासतो. खाली उतरून तो माझ्याच खिडकीशी येऊन उभा राहिला. त्याला वाटलं काच बंद आहे.

“हो सर, सगळे रविवार लावा मला. रात्रपाळी पण चालेल. नाही, नाही, घरी काही अडचण नाही. हप्ता मोठा बसतोय ना, म्हणून.” थोडं थांबून म्हणाला, “बायकोचे दिवस भरत आलेत खरे, पण तिची आई आहे.”

पोरगं आधीच ताटावर बसल्या बसल्या पेंगतं. भात कालवलेला हात तसाच वाळतो. रविवारी श्रीरंजनीला घेऊन गच्चीत पतंग उडवतो, तेवढीच काय ती त्याची मजा. तेही जाणार. उद्या बाळ झालं तर बापाची ओळख पटायला त्याला वर्ष लागेल. आणि हे सगळं कशासाठी? तर म्हातारीला खिडकी मिळावी म्हणून.

गाडी परत निघाली. मी पुढं वाकून आशिषच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हटलं, “आशिष, गाडी बाजूला घे.”

“काय झालं? मळमळतंय का?”

“घे तर खरी. पुढचं झाकण उघड. इंजिन बंद करू नकोस.”

मी खाली उतरले, पदर खोचला आणि त्या उघड्या इंजिनापाशी कान नेला. सगळे माझ्याकडं बघत राहिले. आत घरघर चालली होती, दुसरं काय असणार? इंजिनाबद्दल ह्यांनी मला जन्मात एक अक्षर सांगितलं नव्हतं. घरी आले की जेवायचं नि घोरायचं, एवढंच त्यांचं बोलणं. पण आशिषला ते कुठं ठाऊक? बाप गेला तेव्हा तो शाळेत होता. त्याच्या लेखी बाप म्हणजे इंजिनाचा देव.

“ऐकलंस?” मी म्हटलं.

“काय?”

“मधनंच खरखर होतीय. तुझे बाबा म्हणायचे, असा आवाज आला की ते इंजिन आतनं खाल्लेलं असतं. वरनं कितीबी पुसा. आमच्या डेपोत असली गाडी ते हातात धरायचे नाहीत.”

वेंकट कळवळला. “अय्यो अम्मा, काय सांगता! इंजिन सुपर आहे. माझ्या मुलीची शपथ!” बिचारा खरंच सांगत होता. मला त्याच्यापुढं फार लाज वाटली, पण आता मागं कसं फिरायचं?

आशिष वाकला. कितीतरी वेळ कान लावून उभा राहिला. माल तपासणारा माणूस तो, त्याच्या कानाला फसवणं सोपं नाही.

मग तो सरळ झाला आणि म्हणाला, “हो गं. आहे बारीकसा आवाज.”

त्याला तो खरंच ऐकू आला, की त्याला ऐकायचाच होता, हे मी आजवर विचारलेलं नाही. विचारणारही नाही. पण खांद्यावरून पोतं उतरवावं तसा त्यानं श्वास सोडला, तो मी बघितला. आणि खरं सांगते, मला आनंद व्हायला हवा होता, तर रडूच आलं. मी पदरानं नाक पुसलं आणि धुराला शिव्या घातल्या.

त्याच संध्याकाळी चंदेरी गाडीचा सौदा झाला.

रात्रीची भांडी आवरताना विहीणबाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या, “विहीणबाई, त्या गाडींत कांही दोष नव्हता. हे की नाही?”

“तुम्हाला काय कळतंय इंजिनातलं?” मी फणकारले.

“इंजिनातलं कांही कळत नाही. तुमचं तोंड पाहिलें मी.” त्यांनी माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं. “ऐका. आम्ही तंजावूरला परत जातों. लेंकाचं घर हे तुमचं. तुम्ही राहा.”

“आणि बाळाला कोण उचलणार? मी?” मी डावा हात त्यांच्यापुढं धरला. “बाई, मला दिसतंय ना सगळं. तुमचे दोन्ही हात धड आहेत. नातवाला हातच लागतात, माया पुरत नाही.”

त्या रडायला लागल्या. मीच त्यांची समजूत काढली. काय म्हणावं याला? जायचं मला, आणि डोळे पुसतेय मी दुसऱ्याचे.

दुसऱ्या दिवशी मी आशिषला परत म्हटलं, “बाळाचं तोंड बघितलं की मी सोलापूरला जाईन म्हणते.” तो बुटाची नाडी बांधत होता. मागच्या वेळेसारखा भडकेल, असं वाटलं होतं. तो नाडी बांधतच राहिला. मग म्हणाला, “थंडीच्या आत जा. तिकडं तुला हवा मानवते.” कंपनीची बस कोपऱ्यावर आली होती. तो पळाला. चुकीचं काही बोलला नाही, पण त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

शुक्रवारी गाडी दारात आली. गल्लीच्या तोंडाशी पिळ्ळैयारचं, म्हणजे आपल्या गणपतीचं, छोटं देऊळ आहे. तिथल्या गुरुजींनी गाडीला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, कापूर ओवाळला. चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. इकडं नवी गाडी, मग ती जुनी का असेना, लिंबं चिरडल्याशिवाय हलवत नाहीत. पहिली फेरी मांगाडूच्या कामाक्षीच्या देवळात न्यायची ठरली होती.

आशिष चालवायला बसला. गुरुराजरावांना काठी घेऊन चढाउतरायला सोपं, म्हणून ते पुढं. मागं रंजनी आपलं पोट सांभाळत बसली, मधे श्रीरंजनी, पलीकडं विहीणबाई. दारं लागली. आशिषनं मान वळवून मागं बघितलं, मग माझ्याकडं. काच खाली केली.

“आई, तू... श्रीरंजनीला मांडीवर घेतलं तर...”

“आणि रंजनीला कुठं ठेवतोस, टपावर?” मी म्हटलं. “मुहूर्त टळतोय. मी येते मागनं ऑटोनं. नाहीतर उद्या जाईन.”

“दोन फेऱ्या मारतो ना मी.”

“पहिली फेरी एकच असते, बाळा. जा.”

तो जाईना. स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसला. मागून एक पाण्याचा टँकर भोंगा वाजवायला लागला. मग मी पुढं झाले आणि गाडीच्या पत्र्यावर तळहातानं दोनदा थाप मारली, एसटी सोडायला मारतात तशी. “चला, जाऊ द्या!”

चाकाखालची लिंबं चिरडली. गाडी हळूहळू गल्लीतून पुढं गेली. कोपऱ्यावर तिचे मागचे लाल दिवे लागले. मला वाटलं, थांबला. मी पदर सावरला, दोन पावलं पुढंही टाकली. तर समोरून बस येत होती, तिच्यासाठी थांबला होता. बस गेली. लाल दिवे विझले आणि गाडी वळली.

टँकरला वाट द्यायला मी बाजूला सरले. तो गेल्यावर खाली वाकले आणि चिरडलेली लिंबं वेचायला लागले. येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय पडू नये त्यांच्यावर. एका हातानं वेळ लागतो, पण जमतं.