तिसरी हाक

चोपड्याच्या वर, केळीच्या बागा संपून सातपुड्याचा चढ सुरू होतो, तिथल्या एका पाड्यावर चमेलीबाईचा बाप्तिस्मा दर वर्षी पुढे जायचा. नवरा खेमा पाण्यात उतरून आला होता. मुलगा गोपालही आला होता. सून ललिता तर माहेराहूनच बाप्तिस्मा घेऊन आली होती. चमेलीबाई मात्र दर खेपेला काठावर उभी राहायची, हातावर दुसऱ्यांचे कोरडे कपडे घेऊन.

"पाणीले भ्यास का व?" खेमा चिडवायचा.

"पाणीले नही. खोटाले भ्यास," ती म्हणायची.

खोटं म्हणजे काय, ते तिचं तिलाच ठाऊक होतं. रविवारच्या सभेत पत्र्याखाली माणसं एकेक करून उभी राहत आणि साक्ष देत : प्रभू माझ्याशी बोलला. गोपालशी तर तो फारच बोलायचा. कोणता बैल घ्यावा, फटफटी विकावी की ठेवावी, सगळं सांगायचा.

"तुना प्रभूले दुसरं काही काम नही का रे?" एकदा चमेलीबाई भर सभेत म्हणाली आणि बायका पदरात तोंड लपवून हसल्या.

हसू ओसरलं की ती आत आत जायची. आपल्याशी कुणी बोललं नाही. एकदाही नाही. ज्यानं आपलं नावसुद्धा कधी घेतलं नाही, त्याच्या नावानं पाण्यात कसं उतरायचं? पाणी अंगावरून जाईल आणि आपण होतो तशाच बाहेर येऊ. फक्त ओल्या.

यंदा पुनरुत्थानाचा रविवार, बाप्तिस्म्याचा दिवस, जवळ आला तसा सुकलाल तिच्या अंगणात खाटेवर येऊन बसला. सुकलाल याच पाड्याचा पोर. धुळ्याला देवपुरात राहून शिकला आणि पास्टर होऊन परत आला. सगळा पाडा त्याला अजून भाऊच म्हणे.

"काकी, यंदा नाव लिहू ना?"

"तो मनासंगे बोलना नही, भाऊ."

सुकलालनं चहाची बशी खाली ठेवली. "काकी, तो दर वेळी कानातच बोलतो असं नाही. वचनातून बोलतो. प्रार्थनेत बोलतो. मनाला टोचणी लावून बोलतो. कधी तर शेजाऱ्याच्या तोंडानं बोलतो."

"टोचणी तं मनीच शे. अन वचन तं ललिताना फोन बोलस."

सुकलाल हसला. त्यानं तिला आणखी समजावलं नाही. "बरं. नाव लिहीत नाही. पण प्रार्थनेत मागून झालं की लगेच उठू नका. जरा गप्प बसून ऐका."

"आयकीच तं ऱ्हायनू," चमेलीबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, म्हणून ती चुलीकडे वळली.

फोनचं तिनं खरंच सांगितलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. संध्याकाळी भाकरी थापताना ललिता फोनवर पवित्र शास्त्र लावून ठेवी, आणि कुणी तरी शांत गळ्याचा माणूस घरभर वाचत राही. त्यात एक जागा होती. देवापुढे काही ठेवायला निघालास आणि वाटेत आठवलं की कुणाचं मन आपल्यामुळे दुखलंय, तर ते तिथेच राहू दे, आधी त्या माणसाकडे जा, अशा अर्थाची. ती जागा आली की चमेलीबाईला नेमकं चुलीतलं लाकूड पुढे सारायचं असे.

कारण कुडाच्या पलीकडे धुरपदाबाई राहत होती.

मागच्या साली मोहाच्या दिवसांत दोघींचं बिनसलं. रानात दोघींची मोहाची झाडं शेजारी शेजारी. फांद्या एकमेकींच्या गळ्यात, आणि फुलं तर कुणाची म्हणून विचारून पडत नाहीत. तू माझ्या झाडाखालचं वेचलंस, असं धुरपदाबाई म्हणाली. चमेलीबाईच्या तोंडून सटकन निघून गेलं, "तुले डोयाले तं दिसत नही, तू काय झाड वयखशी!" धुरपदाबाईच्या डोळ्यांत खरंच फूल पडलेलं होतं, तिला सगळं धूसर दिसे. ती टोपली उचलून गेली, ती गेलीच. तेव्हापासून कुडाच्या या अंगाला एक चूल, त्या अंगाला एक चूल, आणि मधे नुसता धूर येई-जाई.

पाण्याला जाताना धुरपदाबाईच्या फाटकाशी चमेलीबाईचा पाय अडखळे. आत जा, बोल, असं काही तरी आतून येई. हे आपलंच मन, असं म्हणून ती हंडा सावरी आणि पुढे जाई.

चैत्र लागला. मोह गळायला लागला. पहाटेला झाडाखाली उभं राहिलं की अंगाखांद्यावर पिवळट पांढरी फुलं पडतात, गोड, ओलसर, टप टप. खालची पानं आधीच जाळून जमीन साफ केलेली असते. बाया वाकतात, वेचतात, गुणगुणतात. त्या दिवशी चमेलीबाई एकटीच होती. उन्हं झाडांच्या शेंड्यांवर आली होती आणि टोपली भरत आली होती.

"चमेलीऽऽ!"

हाक उताराकडून आली. चमेलीबाईनं ओ दिली नाही.

रानात कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही द्यायची नाही. भुताला दोनदाच हाक मारता येते. तिसरी हाक आली की समजायचं, माणूस आहे. हे तिला आईनं शिकवलं होतं आणि आईला तिच्या आईनं. प्रभूला मानायला लागून इतकी वर्षं झाली, भुताची भीती गेली, पण कानाची सवय गेली नव्हती.

"चमेलीऽ..."

या वेळी आवाज बारीक होता. चमेलीबाई मुठीत फुलं धरून उभी राहिली. आता तिसरी येईल. एक फूल पडलं. आणखी एक पडलं. एक पाखरू बोलून गप्प झालं.

तिसरी हाक आली नाही.

म्हणजे माणूस नव्हे. टोपली घ्यायची आणि मागं न बघता घराकडे निघायचं. तिनं टोपली डोक्यावर घेतली, दोन पावलं टाकली, आणि पाय अडखळला. अगदी तसाच. फाटकाशी अडखळतो तसा.

हे आपलंच मन, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण तिला ते म्हणवेना. चुलीपाशी वाचणारा तो शांत गळा, फाटकाशी अडखळणारा पाय आणि आताची ही हाक, तिन्हींची ओढ एकाच दिशेची होती. तिनं टोपली खाली ठेवली.

"ओऽऽ! उनू, उनू!" ती ओरडली आणि उताराकडे धावली.

नाल्याच्या काठी धुरपदाबाई बसली होती. टोपली उपडी, फुलं दगडांत विखुरलेली, आणि पाय घोट्यापाशी टरारून सुजलेला.

"माय वं, काय व्हयनं?"

"दगड दिसना नही," धुरपदाबाई म्हणाली. थोडं थांबून पुढे म्हणाली, "तू सांगेलच व्हतं, माले दिसत नही म्हनून."

चमेलीबाई तिथंच दगडात बसली. तिनं तो सुजलेला पाय आपल्या मांडीवर घेतला. "चुकनू मी, अक्का. तो बोल मना तोंडमा याले नको व्हता."

"लागना व्हता माले."

"माहीत शे माले."

 मग चमेलीबाईनं पदराची चिंधी फाडून घोटा बांधला आणि विचारलं, "तिसरी हाक का बरं नही मारी?"

"जी दोन हाकासले येत नही ती तिसरीले काय यी?" धुरपदाबाई फणकारली. "अन तू तरी ओ कोठे दिधी? मी म्हनं, समोर चमेली नही, भूतच शे!"

दोघी हसायला लागल्या. हसता हसता चमेलीबाईचं हसू कधी फुटलं आणि रडू कधी झालं ते तिला कळलं नाही. धुरपदाबाईला वाटलं पायासाठी रडते. "अवं, मोडना नही, मुरगयना शे फक्त," ती समजूत घालत राहिली.

धुरपदाबाईला खांद्याचा आधार देऊन उतरताना चमेलीबाईच्या ओठांवर आपोआप जुळून आलं :

मोहू गळे टपटप, पहाट जागी झाली
कोनी मारी हाक बाई, ओ द्यायाची ऱ्हायली

"हाई कोनतं गानं व?" धुरपदाबाईनं विचारलं.

"आते उनं. तूच दिधं."

तिला घरी पोचवून चमेलीबाई थेट सुकलालच्या दारात गेली. घामानं भिजलेली, केसांत मोहाची फुलं.

"भाऊ, मनं नाव लिख."

सुकलाल उभाच राहिला. "बोलला का काकी?"

"कवयपासून बोली ऱ्हायना. मीच येडी तिसरी हाकनी वाट देखी ऱ्हायनती."

सुकलालला नीटसं कळलं नाही. मग तिनं सगळं सांगितलं, आणि त्यानं तिचं नाव लिहून घेतलं.

रविवारी नदीच्या डोहाशी पाडा जमला. धुरपदाबाईनं प्रभूला मानलं नव्हतं, मानायचा विचारही नव्हता. पण ती काठी टेकत आली आणि चमेलीबाईचे कोरडे कपडे मांडीवर घेऊन काठावरच्या दगडावर बसली. पाण्यावर ऊन पसरलं होतं. सुकलाल कमरेइतक्या पाण्यात उभा होता. त्यानं काठाकडे पाहिलं आणि नाव पुकारायला सुरुवात केली,

"चमेली..."

"ओ!"

'बाई' त्याच्या तोंडातच राहिलं. काठावर सगळे हसले. खेमा तर सगळ्यात मोठ्यानं हसला.

"देखा!" धुरपदाबाई दगडावरून ओरडली. "आते कशी पहिलीच हाकले ओ देस!"

चमेलीबाईनं मागं वळून तिच्याकडे पाहिलं, लुगडं सावरलं आणि पाण्यात पाऊल टाकलं. पाणी गार होतं.