नव्या वकिलातीची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पाटी आहे आणि जळकी आहे. आधीच सांगून टाकते.

माझा जन्म गुलमंडीत, कडुबांच्या दुकानात झाला. ते नावाच्या पाट्या कोरतात. एका लहानशा परदेशाच्या वकिलातीत नोकरी करणारे युसूफभाई विद्यार्थी असताना याच दुकानाच्या माडीवर राहायचे. त्यांच्या देशाच्या संसदेने कायदा केला, की शेजारच्या देशातली आपली वकिलात तिथल्या नव्या राजधानीत हलवायची. युसूफभाईंनी लगेच माझी ऑर्डर दिली. कडुबांनी हौसेने माझ्यावर नव्या शहराचे नाव कोरले. तारीख विचारायची मात्र राहून गेली.

कायद्यात एक सवलत होती. देशाच्या सुरक्षेचे कारण दाखवून राष्ट्राध्यक्ष हे स्थलांतर सहा महिने पुढे ढकलू शकत होते. दर सहा महिन्यांनी ते पुढे ढकलण्याच्या कागदावर सही करत. मग युसूफभाईंचा फोन येई, "कडुबाभाई, साहब ने फिर सही कर दी." मी पुन्हा फडताळात! माझ्यामागून जन्मलेल्या डॉक्टरांच्या, वकिलांच्या पाट्या हार घालून निघाल्या. मुकुंदवाडीच्या पिठाच्या गिरणीची पाटीसुद्धा गेली. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पण खरा हेवा वाटायचा तो माझ्या मोठ्या बहिणीचा, थोरलीचा. जुन्या वकिलातीवरची ही पाटीही कडुबांनीच केलेली. कायद्याने आता मान माझा होता, आणि ही बया तिथे ठाण मांडून बसलेली.

एकदा युसूफभाई तिलाच घेऊन आले. स्क्रूच्या भोकापाशी ती तडकली होती. मला वाटले, आता आपला नंबर!

"आबा, हिलाच देऊन टाका की," कडुबांची लेक रूपा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"हिच्यावर दुसऱ्या गावाचं नाव हाये, पोरी. तिथं कशी लावणार?" कडुबा म्हणाले. "थोरलीला मागून आधार पायजे. हिचं माप बराबर बसतंय."

"मंग हिचं तोंड?"

"भिंतीकडं."

कडुबांनी माझी अक्षरे फडक्याने हळूच पुसली आणि मला थोरलीच्या पाठीला ठोकले.

मित्रांनो, कुणाला जागा कबूल केलीत तर ती द्या. द्यायची नसेल तर तोंडावर नाही म्हणा, पण झुलवत ठेवू नका. आज मी जुन्याच वकिलातीवर आहे. येणारे-जाणारे थोरलीला वाचतात, दारवान रोज तिलाच पुसतो. तिचा सगळा भार मात्र मी पेलते, आणि कायदा अजूनही माझ्याच बाजूने आहे.